हाताचा ठेका आणि कागदावरचे सूर

शारदा-दुर्गा उत्सवात गावात ऑर्केस्ट्रा आला, की लहानथोर सगळे मंडपासमोर बसतात. गाणारी बाई पुढे असते. मागे वाजवणारे असतात. त्यांत एक जण पिंपासारखे उंच दोन ढोल पुढे घेऊन उभा राहतो. त्याच्या हातात काठी नसते. तो नुसत्या पंजांनी वाजवतो.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक काका येत. राहणार एटापल्लीकडचे, लेकीकडे राहायला आलेले. हाताने ढोल वाजवण्यात पटाईत. पण वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसत आणि पाटी उलटी ठेवत. एके दिवशी त्यांनीच विचारले, "काय जी गुरुजी, त्या उंच ढोलाले ते पोरं तुंबा म्हणतात. तुंब्यात तर आपन रानात पानी नेतो. मंग ढोलाले तुंबा कोन म्हनलं?"

प्रश्न चांगला होता. उत्तर मला आले नाही. मी सांगितले, "काका, पाहून सांगतो." पाहायला गेलो तेव्हा कळले, की ह्या एका शब्दामागे सात समुद्रांपलीकडची मोठी हकीकत आहे. तीच येथे लिहितो.

ह्या तुंब्याचा आपल्या दुधी-भोपळ्याच्या तुंब्याशी संबंध नाही. अमेरिकेजवळच्या समुद्रात क्यूबा नावाचे एक बेट आहे. आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे एकत्र केले, तर त्यांच्या चौपटीहून थोडे मोठे. तेथे ह्या ढोलाला 'तुंबादोरा' म्हणतात. इतर देशांत त्याला कोंगा म्हणतात. मुंबईच्या सिनेमातल्या वाजवणाऱ्यांनी तुंबादोराचा तुंबा केला. आपल्याला तो शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून आपण फसतो.

क्यूबावर पूर्वी स्पेन देशाचे राज्य होते. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे पकडून, जहाजांत कोंबून आणीत. त्यांची बाजारात विक्री होई. गुलामगिरी तेथे १८८६ साली संपली. ह्या लोकांकडे काही सामान नव्हते. गाव गेले, घरदार गेले. हातांतला ठेका तेवढा बरोबर आला. तेथे त्यांना आपापले मेळे करून राहण्याची थोडी मुभा होती. त्या मेळ्यांत त्यांनी आपले देव आणि देवांचे ढोल सांभाळले. कोणता ठोका कोणत्या देवाचा, हे बाप मुलाला हाताने शिकवी. आपल्याकडे गोंडांच्या देवकार्यात ढोलाचा मान असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको.

उत्तरेला आजचे संयुक्त संस्थान अमेरिका. तेथेही गुलाम होते. १७३९ साली दक्षिण कॅरोलिना भागात गुलामांनी बंड केले. ते ढोल वाजवीत निघाले होते. मालक घाबरले. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तेथे कायदा झाला की गुलामांनी ढोल वाजवायचा नाही. ढोलाने दूरच्या माणसाला निरोप जातो, ही भीती. ढोल काढून घेतल्यावर लोक टाळ्या वाजवू लागले, पाय आपटू लागले. त्यांच्या वंशजांनी पुढे ट्रंपेट, क्लॅरिओनेट, पियानो ही गोऱ्यांची वाद्ये हातात घेतली आणि त्यांतून 'जाझ' नावाचे संगीत निघाले. पण हाताने वाजवायचा ढोल त्यात नव्हता.

तो परत कसा आला, ते ऐका.

त्याच दक्षिण कॅरोलिनात, चेरॉ नावाच्या गावी, १९१७ साली एक मुलगा जन्मला. त्याचे नाव डिझी गिलेस्पी. मोठेपणी तो नामांकित ट्रंपेटवाला झाला. फुंकताना त्याचे दोन्ही गाल बेडकासारखे फुगत. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात त्याने आणि चार्ली पार्कर वगैरे मित्रांनी जाझची एक नवी तऱ्हा काढली. तिला 'बिबॉप' म्हणतात. चाल फार जलद, वळणे अवघड. नाचायला कठीण, कान देऊन ऐकायचे असे ते संगीत. बिबॉप ह्या शब्दाला अर्थ नाही. तबल्याचे आपण धा, धिं, ना असे बोल बोलतो ना, तसलेच ते तोंडाने काढलेले बोल.

गिलेस्पीचा एक मित्र होता मारिओ बाउसा. हा क्यूबाचा. दोघे एका बँडमध्ये शेजारी बसून ट्रंपेट वाजवीत. गिलेस्पीला क्यूबाच्या ठेक्याची गोडी लागली ती ह्या बाउसामुळे. १९४७ साली गिलेस्पीने त्याला म्हटले, मला तुमच्याकडचा ढोलवाला पाहिजे. बाउसाने चानो पोसो याची गाठ घालून दिली.

चानो पोसो हवाना शहरातल्या गरीब चाळीत वाढलेला. जन्म १९१५. अंगाने धिप्पाड, स्वभावाने तापट. त्याला संगीताची लिपी वाचता येत नव्हती. इंग्रजीही येत नव्हती, आणि गिलेस्पीला स्पॅनिश येत नव्हती. दोघांत बोलणे कसे व्हायचे? गिलेस्पी पुढे सांगत असे, की आम्हा दोघांना आफ्रिकेची भाषा येत होती, म्हणजे ठेक्याची. बँड गावोगाव बसगाडीने फिरे. गाडीत पोसो एकाच्या हाती ढोल देई, दुसऱ्याच्या हाती घंटा देई, आणि प्रत्येकाला वेगळा ठेका देऊन सगळे एकदम वाजवून घेई. लिहिता-वाचता येणारी ती शिकलेली मंडळी. पण त्या गाडीत गुरुजी तोच होता.

आता हा ठेका असतो कसा? हे वाचून समजत नाही, करून समजते. म्हणून पुस्तक मांडीवर ठेवा आणि हात मोकळे करा.

एक ते सोळा सारख्या वेगाने मोजा. आपल्या तीनतालातही सोळाच मात्रा असतात. त्यात टाळी १, ५ आणि १३ वर, आणि ९ ची खाली. सगळे चार-चारच्या अंतरावर. आता क्यूबाची टाळी अशी: १, ४, ७, ११, १३.

१ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १० ११ १२ १३ १४ १५ १६

हळूहळू करा. पहिल्या तीन टाळ्या तीन-तीनच्या अंतरावर आहेत. मग चारचे अंतर, मग दोनचे, मग पुन्हा चार मोजले की एक येतो. आता उभे राहा आणि पाय १, ५, ९, १३ वर टाका. टाळी मात्र वरच्याच आकड्यांवर ठेवा. पाय आणि टाळी दोनच ठिकाणी भेटतात, एकवर आणि तेरावर. बाकीच्या टाळ्या पावलांच्या मधल्या जागेत पडतात. तेथेच अंग हलू लागते. चुकले तर हसू नका. मी दोन दिवस चुकत होतो.

ह्या पाच ठोक्यांना क्यूबात 'क्लावे' म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ किल्ली. कठीण लाकडाच्या दोन दांडक्यांनी ही किल्ली वाजवतात. कोंगा, बोंगो आणि बिया भरलेला सुका भोपळा, ज्याला ते माराकास म्हणतात, हे सगळे ह्या किल्लीला धरून चालतात.

गिलेस्पीची मंडळी आणि पोसो यांचे प्रथम जमेना, ते येथेच. जाझची चाल झोका घेत जाणारी. क्यूबाची चाल सरळ. शिवाय पोसोची सम एका ठिकाणी, तर बाकीच्यांची दुसऱ्या ठिकाणी. भजनात मृदंगवाला एकीकडे आणि टाळकरी दुसरीकडे गेले म्हणजे काय होते, ते आपण जाणतोच. पण दोन्ही बाजूंनी सोडले नाही.

२९ सप्टेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल ह्या मोठ्या सभागृहात ते एकत्र वाजवायला बसले. डिसेंबरात त्यांनी 'मांतेका' नावाची तबकडी काढली. मांतेका म्हणजे चरबी. नाव ऐकून नवल वाटेल, पण संगीत जोरकस आहे. त्याची कल्पना पोसोची. बासने काय वाजवावे, सॅक्सोफोनने काय वाजवावे, हे त्याने तोंडाने गाऊन दाखवले. गिल फुलर नावाच्या जाणकाराने ते कागदावर उतरवले. गिलेस्पीला वाटले, हे एकाच सुराभोवती फिरत राहील, मध्ये वळण हवे. म्हणून मधला भाग त्याने रचला. असे तिघांनी मिळून ते झाले आणि रचनाकार म्हणून तिघांचीही नावे लागली. ज्याला एक सूर लिहिता येत नव्हता, त्याचेही लागले. हे लक्षात ठेवा. पुढे कामास येईल.

पोसोला पुढचे दिवस लाभले नाहीत. २ डिसेंबर १९४८ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत एका दारूच्या गुत्त्यात त्याला गोळी घालून मारले. वय तेहतीस. गिलेस्पी १९९३ पर्यंत जगला, आणि क्यूबाचा ढोल त्याने सोडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे न्यूयॉर्कचे झाले. आमच्या ऑर्केस्ट्रात हा ढोल कोठून आला? ते सांगायला आधी गोव्यात जावे लागेल.

गोव्यावर पोर्तुगालचे राज्य १५१० पासून १९६१ पर्यंत होते. तेथे चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन शिकवीत, आणि सूर वाचायला व लिहायला शिकवीत. आपण अ आ इ शिकतो, तसे ते पाच रेघांवर ठिपके मांडायला शिकत. पोटासाठी मग ही मुले मुंबई गाठीत. कोणी साहेबांच्या हॉटेलात वाजवी, कोणी मूक सिनेमाच्या पडद्यापुढे.

अशाच एका मुलाचा जन्म १९१६ साली बार्देश तालुक्यातल्या आल्दोना गावी झाला. नाव अंतोनियो झेवियर वाझ. पुढे तो 'चिक चॉकलेट' ह्या गमतीदार नावाने प्रसिद्ध झाला. ट्रंपेट हे त्याचे वाद्य. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी याचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड आला होता. त्याच्यामागून आणखीही आले. गोव्याच्या पोरांनी त्यांचे ऐकून ऐकून जाझ उचलले. चिक चॉकलेट लुई आर्मस्ट्राँग ह्या थोर ट्रंपेटवाल्याच्या वळणावर वाजवी. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत.

क्यूबाचा ठेकाही तेव्हा हॉटेलांतून वाजू लागला होता. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये क्यूबाच्या एका शेंगदाणेवाल्यावरच्या गाण्याची तबकडी निघाली. तिने जगभर 'रुंबा' नाचाची लाट आणली. हॉटेलात नाचायला येणाऱ्यांना रुंबा पाहिजे असे, म्हणून प्रत्येक बँडला तो यावा लागे. तेव्हा मुंबईने हा ठेका थेट चानो पोसोकडून घेतला, असे मी म्हणणार नाही. तबकड्या, अमेरिकन सिनेमे आणि हॉटेलचा नाच अशा आडवाटेने तो आला. पण मूळ झरा एकच.

मग मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या नाचाला उतरती कळा लागली. (गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिच्याविषयी बोलायचे तर वेगळा धडा लागेल.) वाजवणाऱ्यांना सिनेमाचे काम आधीपासून मिळत होते, ते आता जास्त गरजेचे झाले.

सिनेमात त्यांची गाठ एका मराठी माणसाशी पडली. त्यांचे नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, गाव पुणतांबे, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. जगाला ते सी. रामचंद्र म्हणून माहीत आहेत. 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गाणे तुम्ही १५ ऑगस्टला ऐकता ना? १९६३ साली त्याची चाल ह्यांनीच बांधली. हा माणूस आपले शास्त्रीय गाणे रीतसर शिकला होता, पण कान चारी दिशांना उघडे ठेवी.

त्यांचे काम कसे चाले, ते पाहण्याजोगे आहे. चाल रामचंद्रांच्या गळ्यात असे. पण वीसपंचवीस वाजवणाऱ्यांनी कोणी कधी काय वाजवायचे, हे गळ्यातून कसे सांगणार? त्यासाठी कागद हवा. तेथे चिक चॉकलेटसारखा गोव्याचा माणूस शेजारी बसे. चाल ऐकून तो ती पाच रेघांवर उतरवी, ट्रंपेटचे तुकडे भरी, कोणते वाद्य कोठे शिरेल ते ठरवी. न्यूयॉर्कला पोसो आणि फुलर यांनी केले, तसलेच हे काम. एकाच्या अंगात गाणे, दुसऱ्याच्या हातात लेखणी.

१९५० साली 'समाधी' चित्रपटात त्यांनी 'गोरे गोरे' गाणे दिले. त्याची चाल १९४५ च्या एका अमेरिकन सिनेमातल्या गाण्यावरून घेतलेली होती, आणि त्या गाण्यात पोर्टो रिको ह्या बेटाचे नाव होते. ही उसनवारीच, हे कबूल करावे. १९५१ साली मात्र 'अलबेला' आला. दिग्दर्शक आणि नट भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव. यांचा जन्म आपल्या विदर्भातला, अमरावतीचा. वडील गिरणीकामगार. 'शोला जो भडके' हे गाणे त्यातले. लताबाईंच्या जोडीला 'चितळकर' नावाने गाणारे स्वतः रामचंद्रच. त्यात बोंगो आहे, माराकास आहे, क्लॅरिओनेट आणि ट्रंपेट आहे. पण चाल ऐका, ती कोणा अमेरिकनाची वाटत नाही, आपल्याकडचा माणूस गुणगुणतो तशी वाटते. चिक चॉकलेट आणि त्याचा बँड ह्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो.

मी लहानपणी यात्रेतल्या तंबूत 'अलबेला' पाहिला. तेव्हा तो जुना झाला होता, रीळ दोनदा तुटले. तरी ते गाणे लागले आणि माणसे खुर्च्या सोडून नाचू लागली. क्यूबाचे नावही कोणाला माहीत नव्हते. पायांना माहीत झाले होते.

हे बिबॉप होते काय? नव्हे. तीन मिनिटांच्या गाण्यात ट्रंपेटवाल्याला तेवढी मोकळीक कोठून मिळणार? काही जाणकार ह्या संगीताला भेसळ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पोसो आणि गिलेस्पी यांनी केली ती तरी दुसरे काय होते? भेसळ ती, जिच्यात दोन्ही जिनसा बिघडतात. येथे कोणतीच बिघडली नाही.

बिघडले ते दुसरीकडे. चिक चॉकलेटला १९५१ च्या 'नादान' चित्रपटाचा संगीतकार म्हणून नाव मिळाले, हे चांगले झाले. पण गोव्याच्या आणखी कितीतरी माणसांनी वर्षानुवर्षे चाली कागदावर उतरवल्या, रात्ररात्र वाजवले, आणि पडद्यावर नाव आले नाही. सिनेमा सुरू होताना कपडे शिवणाऱ्याचे आणि वेण्या घालणाऱ्याचे नाव येई. ट्रंपेटवाल्याचे येत नसे. हे लोक शिकलेले होते, बरे का. सूर लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्यांच्या लेखणीवर सारे चालले होते, त्यांचेच नाव लिहिले गेले नाही. आणि तिकडे सूर लिहिता न येणाऱ्या पोसोचे नाव तबकडीवर छापले गेले. लिहिता येणे एक, आणि आपले नाव कोठे लिहिले जाते हे पाहणे दुसरे.

ह्यांतल्या एका गुरूचे नाव मात्र मोठ्याने घेतले गेले. अँथनी गोन्साल्विस हे गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मध्ये प्यारेलालनी गुरूचे नाव गाण्यात घातले. सारा देश ते नाव गात होता, आणि ते खऱ्या माणसाचे आहे हे थोड्यांनाच ठाऊक होते. चिक चॉकलेट त्याआधी दहा वर्षे, १९६७ साली, मुंबईत वारले होते.

ही सगळी हकीकत मी वर्गात सांगितली. फळ्यावर एक ते सोळा आकडे लिहिले आणि सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. काका मागेच बसले होते. दुसऱ्या फेरीला त्यांची टाळी बिनचूक पडली. तिसऱ्या फेरीला त्यांनी जमिनीवर पाय धरला. बाकी वर्ग, माझ्यासकट, सातवर अडखळत होता.

मग त्यांनी पाटी सरळ केली. फळ्यावर पाहून १ ते १६ आकडे काढले. आठ उलटा पडला, तो पुसून पुन्हा काढला. टाळीच्या आकड्याखाली एकेक रेघ मारली. थोडा वेळ पाहत बसले आणि म्हणाले, "गुरुजी, ह्याच्यात आमच्या ढोलाचा ठोका लिहिता येते का जी?"

मी म्हटले, "वाजवा. पाहू."

त्यांनी बाकावर वाजवायला सुरुवात केली. मी फळ्यावर आकड्यांखाली रेघा मारू लागलो. उजव्या हाताची एक ओळ झाली. डावा हात निराळाच चालला होता, म्हणून दुसरी ओळ आखली. काका थांबले, फळ्यापाशी आले आणि दुसऱ्या ओळीतल्या दोन रेघा बोटाने पुसल्या. "इथं हात पडत नाही, गुरुजी. नुसता टेकतो. आवाज बंद करायले."

टेकलेला हात कसा लिहायचा, ते कोणाला सुचेना. एका मुलीने म्हटले, तेथे शून्य काढा. शून्य काढले. त्यासाठी तिसरी ओळ आखावी लागली.